मोरचूद, माती आणि बागेखालची विहीर

वऱ्हाडात जाऊन आले असं सांगितलं की आमच्याकडे लोक दोनच गोष्टी विचारतात. ऊन किती होतं, आणि तिखट सोसलं का? ऊन नव्हतं. दिवाळी होऊन गेली होती आणि सकाळी शाल लागत होती. तिखट सोसलं नाही. पण मी गेले होते ती वेगळ्याच कामाला. मला एका माणसाची लबाडी पकडायची होती.

मी पुण्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पाण्यात विरघळलेले धातू माती कशी धरून ठेवते, हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यावर मी एक साधासा लेख लिहिला होता. तो अकोल्याच्या मोहोड नावाच्या एका निवृत्त शाळामास्तरांच्या वाचनात आला आणि त्यांनी मला कळवलं, ‘तुम्ही नळीत करता ते मी माठात केलं आहे. तांब्याचं, शिशाचं विष पाण्यातून काढणारा घडा तयार आहे. या, पाहा आणि चार ओळींचा दाखला द्या.’

दाखला म्हटल्याबरोबर माझ्या मनात पाल चुकचुकली. पाऱ्याचं सोनं करणारे, झाडपाल्यापासून पेट्रोल काढणारे आमच्या विभागात अधूनमधून येतच असतात. त्यांना शास्त्र नको असतं, सही हवी असते. हा माणूस मातीच्या नावावर फसवायला निघाला होता, म्हणून मला जास्तच राग आला. एका पत्र्याच्या पेटीत नळ्या, लिटमसचे कागद, ऊर्ध्वपातित पाण्याच्या बाटल्या आणि अमोनियाची एक बाटली भरली आणि निघाले.

अकोला

स्टेशनवर मास्तर स्वतः आले होते. धोतर, काळा कोट, हातात छत्री. “आल्या का? चला,” एवढंच म्हणाले. प्रवास कसा झाला, त्रास नाही ना झाला, यातलं काही नाही. पुण्यात एवढ्यावरून एखाद्याशी बोलणं टाकलं असतं. पुढे कळलं की तिथे हे तुटक बोलणं नव्हे, ते पुरेसं बोलणं असतं.

त्यांच्या घरी चहा आला. एक घोट घेतला आणि मी कपाकडे पाहिलं. चहात मीठ होतं.

“पूर्णेच्या पट्ट्यातलं पाणी हाय बाई, खारं,” मास्तरांच्या सौभाग्यवती दारातून म्हणाल्या. “अथी चहाले साखर दुप्पट टाका लागते. तरी चहा खारटच.”

जेवायला ज्वारीची भाकर, वांग्याचं भरीत आणि ठेचा होता. ठेच्याचा पहिला घास गेला तेव्हा कानातून वाफ निघाली. डोळे पुसत मी गूळ मागितला. मास्तर शांतपणे जेवत राहिले आणि म्हणाले, “पुन्याचे लोक गोड बोलतात, गोड खातात. मंग रोग कोठून कळन?”

जेवणानंतर त्यांनी अंगणात प्रयोग मांडला. लाकडी घडवंचीवर एकावर एक तीन माठ. वरच्यात पाणी ओतायचं, मधल्यात माती, खालच्यात स्वच्छ पाणी; तिन्ही मिळून मास्तरांचा एक ‘घडा’. मधल्या माठाच्या बुडाला बारीक भोकं होती आणि आत बोराएवढ्या मातीच्या गोळ्या भरल्या होत्या. मास्तरांनी एका लोट्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, विरघळवलं. निळंशार पाणी झालं. ते वर ओतलं आणि आम्ही बसून राहिलो. खाली थेंब पडू लागले, ते पांढरे स्वच्छ.

शेजारी पाहायला जमले होते, ते ‘वा वा’ म्हणाले. मी नाही म्हटलं. पाण्यात चुना टाकला तरी मोरचूद खाली बसतं, पाणी पांढरं दिसतं. गोळ्यांत चुना घातला असेल तर हा सगळा खेळ होता. मी लिटमस बुडवून पाहिला. चुन्याचं चिन्ह नव्हतं. अमोनियाचे थेंब टाकले. तांबं असतं तर पाणी गडद निळं झालं असतं. झालं नाही.

तरी माझं समाधान होईना. म्हटलं, “गोळ्या मी करणार. माती माझ्यासमोर खणायची.”

मास्तरांचा चेहरा बदलला नाही. “करा,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मळ्यातली काळी माती मी स्वतः काढली, पाण्यात मळली, नदीची जाड वाळू मिसळली, गोळ्या वळल्या आणि गोवरीच्या मंद आचेवर भाजल्या. आच मंदच हवी. गोळी कच्ची राहिली तर भिजून फुगते आणि पाण्याची वाटच बंद करते. फार भाजली तर तिची विटकर होते आणि धातू धरण्याची ताकद जाते. निव्वळ हात लावून आच ओळखायला मास्तरांनी तीन पावसाळे घालवले होते म्हणे. संध्याकाळी माझ्या गोळ्यांमधून माझ्या हातानं केलेलं मोरचुदाचं पाणी खाली आलं, तेही साफ.

माझ्या विषयातली ही गोष्ट मला माहीत होती. काळ्या मातीच्या कणांना चुनखडीचे, मिठाचे कण सैल चिकटलेले असतात. तांबं किंवा शिसं जवळ आलं की माती आधीच्यांना सोडते आणि यांना धरते. शिशाला तर फारच घट्ट. पण परीक्षानळीत पाहिलेलं एका खेड्यातल्या माठात होताना पाहिलं, तेव्हा अंगावर काटा आला हे खरं.

म्हणजे लबाडी घड्यात नव्हती. मग मास्तर माझ्याशी डोळा का भिडवत नव्हते? परसात नव्या माठांची मोठी चळत होती, पोत्यांनी झाकलेली. मी विचारलं, “एवढे घडे कोणासाठी?”

“हाय एक गिऱ्हाईक. परतवाड्याकडचं.”

“पिण्याच्या पाण्यात तांबं आलंय का त्यांच्या?”

मास्तर माठावरचं पोतं नीट करत म्हणाले, “चला न, दाखवतो.”

परतवाड्याची एस. टी.

अकोट, अंजनगाव करत गाडी जाते. दोन्हीकडे कापसाची शेतं फुटलेली. वेचणाऱ्या बायांच्या ओट्या पुढे आलेल्या. काळी जमीन वाळून इतकी भेगाळलेली की एका भेगेत माझी छत्री मुठीपर्यंत गेली असती. समोर सातपुड्याची निळी रेघ हळूहळू उंच होत होती. अंजनगावच्या थांब्यावर पाणी प्यायले आणि ते गोड लागलं. खारा पट्टा मागे पडला होता.

तिथून पुढे एका खड्ड्यात गाडी आपटली आणि पेटीतली अमोनियाची बाटली फुटली.

क्षणात सगळ्यांचे डोळे वाहू लागले. कोणी खिडकीतून निम्मं बाहेर, कोणी पदरात तोंड. कंडक्टर खोकत माझ्यासमोर उभा राहिला. “बाई, जहर घेऊन राहिल्या का गाडीत?”

“औषध आहे,” मी म्हटलं. ते खोटंच होतं.

“कोनाचं? ढोराचं?”

पेटी टपावर गेली आणि उरलेल्या रस्त्यात माझ्या बाकावर कोणी बसलं नाही. मास्तरसुद्धा सरकून बसले. माझी तांब्याची खूण ओळखण्याची मुख्य सोय तिथेच संपली.

बापूसाहेबांची बाग

गावाचं नाव मी देत नाही. ती माणसं तिथेच राहतात.

गिऱ्हाईक म्हणजे बापूसाहेब, तिथले मोठे बागाईतदार. संत्र्याची बाग अशी की आत शिरल्यावर आकाश दिसत नव्हतं. आंब्या बहाराची फळं पिकून झाडं वाकली होती. तोडा, म्हणजे फळांची तोडणी, दोन दिवसांवर होता आणि परतवाड्याच्या व्यापाऱ्याची ट्रक यायची होती. त्यांनी आमची सरबराई उत्तम केली. संत्री सोलून समोर ठेवली, पुरणपोळी केली.

“वस्तीतल्या लोकायच्या विहिरीचं पाणी कसट लागते,” बापूसाहेब म्हणाले. “बौद्ध झाले तरी आपलेच लोक हायेत. म्हटलं, घरटी एक घडा देऊ आपल्या खर्चानं. तुमच्यासारख्या शिकल्या-सवरल्या बाईनं लिहून दिलं, तर त्यायचाही भरोसा बसन.”

बोलणं साखरेचं होतं. संत्र्याची फोड तोंडात असताना मला एकच प्रश्न सुचत होता. आपल्या खर्चानं? काहून? मनातल्या मनात मीही वऱ्हाडी बोलू लागले होते.

वस्ती

वस्ती बागेच्या खालच्या अंगाला, उताराला. मी एकटीच गेले. मास्तर ‘थकलो’ म्हणाले, त्याचीही मी मनात नोंद केली.

पहिल्याच घराच्या ओट्यावर गयाबाई बसल्या होत्या. चाळिशीच्या, उंच, हातांवर संत्र्याच्या काट्यांचे ओरखडे. बागेत तोडा करणाऱ्या बायांच्या त्या मुकादम. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं.

“तुमी बापूसाहेबाच्या पावण्या न?” त्यांनी विचारलं. “दाखला द्याले आल्या.”

“अजून दिलेला नाही.”

“आडनाव काय तुमचं?”

मी सांगितलं. त्यांनी नुसतीच मान हलवली. मग आत गेल्या आणि पितळी पेला भरून पाणी आणलं. माझ्या हातात दिलं आणि समोर उभ्या राहिल्या. शेजारच्या दोन-तीन बायाही दारात आल्या.

मी पेल्याकडे पाहिलं. पाण्याला किंचित हिरवट झाक होती, की तो पितळेचा भास होता? हे पाणी पिऊ नये हे मला जगात सगळ्यांत चांगलं माहीत होतं. आणि माझा हात थांबला त्याचा अर्थ त्या ओट्यावर काय लागतोय, तेही कळत होतं. ‘तुमचं पाणी दूषित आहे’ हे वाक्य त्या बायांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं होतं, वेगळ्या कारणानं.

मी प्यायले. अर्धा पेला. तोंडात पैसा धरावा तशी चव.

“आता बसा,” गयाबाई म्हणाल्या.

मग बोलणं झालं. सूनबाईला महिनाभर उलट्या होत होत्या. लहान पोरांची पोटं दुखत होती. “गावातले म्हनतात, देव सोडले म्हून पाणी कडू झालं,” गयाबाईंनी सांगितलं. “मी म्हनतो, देव सोडले तवा तं पाणी गोडच होतं. कडू झालं दोन सालाखाली. देवाले इतका टाइम लागते का?”

दारातल्या बायका हसल्या. एकीनं हळूच म्हटलं, “आमच्यातले काही म्हनतात, मुद्दाम टाकून राहिले. मेलेली ढोरं ओढनं सोडलं न आमी.”

“मले मालूम नाही,” गयाबाई म्हणाल्या. “म्हून मी कोनावरच भरोसा नाही ठेवत. तुमच्यावरबी नाही. मास्तरनं दसऱ्याच्या आधी हा एक घडा देऊन पाह्यला. पयले पाणी बरं लागे. आता सांगता येत नाही.”

घडा कोपऱ्यात उभा होता. अकोल्याला पाहिला तसाच. सूनबाई त्याच्यातलंच पाणी पीत होती, विश्वासानं. म्हणजे मास्तरांना या विहिरीचं सगळं आधीपासून ठाऊक होतं.

अमोनिया नव्हता, तेव्हा मी जुनी युक्ती केली. गयाबाईंच्या चुलीवर तीन पातेली चढवली. एकात विहिरीचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या घड्यातलं, तिसऱ्यात विहिरीचंच पण मास्तरांनी सोबत आणलेला नवा घडा मागवून त्यातून गाळलेलं. प्रत्येक आटवून वाटीभर केलं, लिंबू पिळलं आणि घासून लख्ख केलेला एकेक लोखंडी खिळा टाकला. पाण्यात तांबं असलं तर ते लोखंडावर चढतं.

बायका वाट्यांभोवती उकिडव्या बसल्या. विहिरीच्या पाण्यातला खिळा लालसर झाला. नव्या घड्यातला तसाच राहिला, लोखंडी. आणि गयाबाईंच्या घड्यातला खिळा काढला, तर तोही लाल.

“घडा झूट हाय,” कोणीतरी म्हणालं.

“झूट नाही,” मी म्हटलं. “भरलाय. मातीत तांब्याला बसायला जेवढी जागा होती तेवढी संपली. आता पाणी नुसतं वरून खाली येतंय.”

गयाबाईंनी सुनेकडे पाहिलं. तिच्या हातातला पेला काढून घेतला आणि पाणी अंगणात ओतलं.

हौद

विहिरीपासून चढ धरून मी बागेत शिरले. फार शोधावं लागलं नाही. कुंपणाच्या आत, विहिरीच्या बरोबर वर, एक हौद होता. झाडांवर फवारायला मोरचूद तिथे भिजवत. चुना मिसळण्यापूर्वीचं निळं पाणी त्यात साठवलेलं असे, पिंपं धुणंही तिथेच. हौदाचं बूड फुटलं होतं. खालची काळी जमीन भेगाळली होती आणि भेगांच्या कडांवर निळी-हिरवी साय चढली होती.

मी तिथे उभी राहून चक्रावले. हीच माती घड्यात तांबं धरते, मग इथे ती का धरत नाही? मग एक काडी भेगेत सोडली. ती गेली ती गेलीच. पाणी मातीतून झिरपतच नव्हतं. ते भेगेतून सरळ खालच्या मुरमात पडत होतं आणि मुरमातून विहिरीत. मातीला ते शिवायलाही मिळत नव्हतं.

मागे पावलं वाजली. मास्तर आले होते.

“तुम्हांला माहीत होतं,” मी म्हटलं.

“होतं.”

“आणि तुम्ही घडे विकताय!”

“बाई,” मास्तर हौदाच्या कडेवर बसले, “बापूसाहेबाले मी दोनदा सांगतलं, हौद हलवा. ते म्हनले, तोडा झाल्यावर पाहू. मंग म्हनले, फवारा झाल्यावर पाहू. भांडलो असतो तं वस्तीले काय भेटलं असतं? हौद इथीच राह्यला असता अन् घडाबी नसता. म्हटलं, निदान पाणी तरी साफ पितीन.”

“आणि माती भरल्यावर? ते सांगितलं होतंत त्यांना?”

मास्तरांनी छत्रीचं टोक एका भेगेत खुपसलं. मग म्हणाले, “इतक्या लवकर भरन असं वाटलं नव्हतं. वस्तीत येऊन पाहाले पाहिजे होतं.”

मी त्या माणसावर विश्वास ठेवला का? अर्धा. तो लबाड नव्हता. पण मोठ्या माणसाशी वाकडं नको म्हणून त्यानं आपल्या चांगल्या शोधाचं झाकण करून दिलं होतं, आणि त्या झाकणावर माझी सही हवी होती.

तोडा

ट्रक आली त्या सकाळी बापूसाहेबांनी अंगणात खुर्च्या मांडल्या. मी दाखला वाचून दाखवावा आणि अकोल्याहून मागाहून आलेले घडे वाटावेत असा बेत होता. फाटकापाशी तोड्याच्या बाया टोपल्या घेऊन उभ्या होत्या, पुढे गयाबाई.

मी उभी राहिले आणि जे होतं ते सांगितलं. घडा खरा आहे. काही आठवडे तो पाणी साफ करतो, मग त्याची माती बदलावी लागते, नाहीतर तो नसल्यासारखाच. आणि विष बागेच्या हौदातून येतंय.

बापूसाहेबांच्या चेहऱ्यावरची साखर विरघळली, पण आवाज तोच होता. “मंग माती बदलू. मास्तर गोळ्या पाठवत जातीन. काय मोठं?”

“अन् काढलेली माती कोठी टाकाची?” गयाबाईंनी फाटकातून विचारलं. “तांब्यानं भरलेली? आमच्याच अंगनात?”

“तू मधात नको बोलू, गया.”

“कोनाच्या मधात? पाणी आमी पेतो. तुमी वरून ओतत राहाचं अन् आमी खाली गाळत बसाचं, हे कधीलोक?” त्यांनी डोक्यावरची टोपली उतरवून जमिनीवर पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. “हौद फोडा. अन् आमची विहीर साफ होईलोक आमी तुमच्या विहिरीवर भरू. पाणी येईन तवा तोडा होईन.”

एकेक करून सगळ्या टोपल्या पालथ्या झाल्या.

बापूसाहेबांच्या विहिरीवर वस्तीतलं कोणी आजवर चढलं नव्हतं. कायदा होता, पण कायद्याला पोहरा बांधता येत नाही. ट्रकचा ड्रायव्हर एकदा भोंगा वाजवून गप्प झाला. पिकलेलं फळ झाडावर राहिलं तर गळतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“मास्तर,” बापूसाहेब म्हणाले, “तुमी समजावा इले.”

मास्तर उठले. “बापूसाहेब, मी माह्ये घडे वापस नेतो. हौद फुटल्यावर आनतो. त्याच्या आधी नाही.”

मला वाटलं होतं हा माणूस आता माती बदलण्याचा ठेका घेईल. मी चुकले होते आणि चुकल्याचा आनंद झाला.

बापूसाहेबांनी फळांनी वाकलेल्या झाडांकडे पाहिलं, मग ट्रककडे. शेवटी आपल्या गड्याला म्हणाले, “विहिरीचं फाटक उघड. अन् हौद फोडाले सब्बल घे.” आमच्याकडे न पाहता घरात गेले.

मी त्या दिवशी निघणार होते, निघाले नाही. ट्रक भरून गेली की फाटकाला पुन्हा कुलूप लागेल अशी माझी खात्री होती. दुपारी हौद फुटताना मी तिथे उभी राहिले. मोरचुदाची पिंपं नाल्यापलीकडे, विहिरींच्या खालच्या अंगाला नेली, तीही जागा चालून पाहिली. भेगांतली निळी माती खणून काढायला लावली. वस्तीची विहीर उपसावी, एक पावसाळा जाऊ द्यावा, नंतरच घडे आणि दर महिन्याला नवी माती, असं मी लिहून मास्तरांना दिलं. दाखल्यात घड्याचं कौतुक दोन ओळी आणि अटी पानभर होत्या. वाचून मास्तर म्हणाले, “हे पाहून कोन घेईन घडा?”

“ज्याला खरंच लागेल तो.”

“पुन्याच्या असून गोड नाही लिहीत तुमी,” म्हणाले, आणि कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

तोडा करून भरलेली ट्रक त्याच संध्याकाळी गेली होती. निघायच्या दिवशी सकाळी मी आधी बापूसाहेबांच्या विहिरीकडे गेले. फाटक उघडं होतं. वस्तीतल्या बाया रांगेनं भरत होत्या, सूनबाईसुद्धा कडेवर पोर घेऊन आली होती. गयाबाई थारोळ्याशी, विहिरीच्या दगडी कुंडाजवळ, उभ्या राहून एकेकीची घागर डोक्यावर चढवून देत होत्या. बापूसाहेब माडीच्या खिडकीत होते. मला पाहून आत सरकले.

मी गयाबाईंना विचारलं, “आता बसला का त्यांच्यावर भरोसा?”

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मग ओंजळीनं पाणी घेऊन प्यायल्या आणि ओले हात लुगड्याला पुसले.

“भरोसा नाही बाई,” त्या म्हणाल्या. “पाणी मातर गोड हाय.”